पंधरवड्यातली मोजणी

"चूक गावली ना, की फोन करू नको गो. मेल तर नकोच. चालत जायचं आणि तोंडाने सांगायचं. वाटेत सबबी सुचतात, त्या पोचेपर्यंत संपवून टाकायच्या."

बुधाजीकाकांनी घोडपदेवच्या खोलीत, खाटेवर उशीला टेकून, मला हे सांगितलं होतं. "शब्द दे," म्हणाले. मी दिला. गेल्या चैत्रात ते गेले. परळच्या आमच्या ऑफिसात डेटाबेस त्यांनी बावीस वर्षं सांभाळला. दसऱ्यापासून त्यांच्या खुर्चीवर मी बसणार होते, आणि तेही एका अहवालाच्या जोरावर.

सहा रुग्णालयांचा रक्तसाठा आमच्या एका सर्व्हरवर असतो. त्याचा कर्नल बदलायचा होता. कर्नल म्हणजे यंत्राच्या पोटातला कारभारी. कोणत्या कामाला कधी बसवायचं आणि कधी उठवायचं, ते तो ठरवतो. जुना चांगला की नवा, हे मोजायचं काम आमचे प्रमुख वीरेंद्रसर यांनी मला दिलं. नऊ दिवसांच्या खऱ्या नोंदी उतरवून घेतल्या आणि दोन्ही कर्नलवर तशाच्या तशा चालवल्या. नवा वीस टक्क्यांनी वेगवान निघाला, तसा अहवाल मी दिला. शनिवारी तो बसवायचं ठरलं.

ललितापंचमीच्या सकाळी, म्हणजे शुक्रवारी, रक्तपेढीच्या मालनताईंचा फोन आला.

"सुमेधा, रविवारी मशीन नीट चालेल ना गं? चौतीस मंडळांची रक्तदान शिबिरं एकाच दिवशी आहेत. तीनशे टेबलं!"

"चालेल की. गेल्या महिन्यातल्या नऊ दिवसांवर तपासलंय."

"गेल्या महिन्यात कुठली शिबिरं? पितृपक्षात मंडळवाले नारळ फोडत नाहीत, रक्त कुठून काढणार?" त्या हसल्या. "आणि हे तुला मी सांगायचं होय?"

माझ्या हातातला पेला टेबलावर जरा जोरातच टेकला.

ते नऊ दिवस मीच निवडले होते. पंधरवड्यात नवं काही सुरू करायचं नाही, म्हणून कर्नल बदलणं मी घटस्थापनेच्या पुढे ढकललं. मोजणी म्हणजे काही नवं काम नव्हे, ती तेवढ्यात उरकून घेऊ, असं ठरवलं. मी पाळते ते सगळं गावही पाळतं, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

गेल्या नवरात्रातल्या शिबिराच्या दिवसाच्या नोंदी काढल्या आणि दोन्ही कर्नलवर चालवल्या. जुन्याने मिनिटाला नऊ हजार नोंदी केल्या. नव्याने अडीच हजार.

शेजारचा स्वप्नील खुर्ची सरकवत आला. "च्यायला! नवीन गाडी आणि चढावर बंद?"

मी त्याला लॉकच्या रांगा दाखवल्या. रक्ताची पिशवी आली की तिच्या गटाच्या आकड्यात एक वाढवायचा. दोघांनी एकदम वाढवला तर हिशेब चुकतो, म्हणून एकजण त्या आकड्याला कुलूप लावतो, बाकीचे थांबतात. शांत दिवशी थांबणारे दोन-तीनच. शिबिराच्या दिवशी ओ पॉझिटिव्हच्या एकाच आकड्यासमोर शेकडो. नवा कर्नल सगळ्यांना सारखी पाळी देतो, आणि त्या नादात ज्याच्याकडे कुलूप आहे त्यालाच अर्ध्यावर उठवतो. गाभाऱ्याची किल्ली पुजाऱ्याच्या कमरेला, आणि पुजाऱ्यालाच रांगेच्या शेवटी पाठवावं, तसं. बाकीचे पाळी आली की दारापर्यंत जातात आणि तसेच परत फिरतात.

"मग रविवारी अडकलं तर जुना परत टाकू. वीस मिनिटांचं काम."

"त्या वीस मिनिटांत ऑपरेशन थिएटरमध्ये कुणाला पिशवी लागली तर?"

तो हळूच म्हणाला, "सरांना मेल टाक. मोजणी वाढवली, नवीन निष्कर्ष आला, असं लिही. चूक झाली असं कशाला लिहायचं? त्यांनी रुग्णालयांच्या विश्वस्तांना कळवलंय सगळं. खुर्ची जाईल ना सुमेधाताई."

खोटं काय होतं त्यात? प्रत्येक शब्द खरा होता. मी मेल उघडला, दोन ओळी लिहिल्याही. चांगल्या जमल्या होत्या. मग मला खोकल्याने अडणारा काकांचा आवाज आठवला, आणि मी त्या ओळी पुसल्या.

नव्या मोजणीचे दोन आलेख छापून घेतले. जुनेही बरोबर घेतले. पहिल्या पानावर पेनने लिहिलं: नमुन्याचे दिवस चुकीचे, निवड माझी. खाली सही केली.

वीरेंद्रसर शुक्रवारी घरून काम करतात, शिवाजी पार्कला.

"थांब, बाईकने सोडतो," स्वप्नील चावी काढत म्हणाला. त्याची नजर माझ्या पायांकडे गेली. नऊ दिवस मी चप्पल घालत नाही, हे त्याला माहीत आहे. "ऊन बघ बाहेर. रस्ता तापलाय. देवी काय बाईकला नको म्हणणार आहे का?"

"देवी नाही रे," मी म्हटलं. "काका."

कागद पदराखाली धरले, जिना उतरले आणि सावलीच्या बाजूने दादरच्या दिशेने चालू लागले.