तपासणीच्या दिवशी मी जागेवर नव्हतो

मी एक जुना हिरवा पडदा आहे, मित्रांनो. भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्याच्या आरोग्य केंद्रात, बायकांच्या तपासणीच्या खाटेभोवती मी टांगलेला असतो. तुम्ही सुईला घाबरून जिथे भोकाड पसरता, त्याच्या शेजारची खोली.

लाखनीच्या हायवेवर ट्रकच्या केबिनचे पडदे शिवणाऱ्या भुपेंद्रने मला शिवले. माझे भाऊबंद झालरी लावून रायपूरपर्यंत हिंडले आणि माझ्या नशिबी फिनेलचा वास! सुरुवातीला फार वाईट वाटले. पण माझ्याआड आल्यावर बायांचा जीव भांड्यात पडे. "पडदा चांगला जाड हाय," असे त्या म्हणत आणि मी फुगून जाई.

शकुंतलाबाई अशाच माझ्याआड आल्या. त्यांच्या गर्भाशयाच्या तोंडाशी बिघडलेल्या पेशी सापडल्या होत्या. कर्करोग नव्हता, पण पुढे होऊ शकला असता. डॉक्टरांनी तेवढा भाग शेकून नष्ट केला. रुपा सिस्टरने बजावले, "बरं वाटलं तरी वर्षानं या बाई. एचपीव्हीची तपासणी करा लागते. तो विषाणू आत दडून राह्यला तं दुखणं परत येते, अन् कळत बी नाही."

शकुंतलाबाई शब्दाला जागल्या. धानाच्या रोवणीची, म्हणजे लावणीची, घाई असतानाही वर्षाने आल्या. पण मी जागेवर नव्हतो! त्या दिवशी आवारात महिला आरोग्याचा कार्यक्रम होता. पाहुण्यांच्या टेबलावर टाकायला कापड नव्हते, म्हणून इथले कारकून मधुकरराव मला कड्यांसकट काढून घेऊन गेले. सत्काराचे हार माझ्यावर, सांडलेला चहा माझ्यावर. एक पाहुणे तावातावाने सांगत होते, "भगिनींनो, तपासणी चुकवू नका!" टाळ्या पडल्या.

खोलीची खिडकी मंडपाला लागूनच होती. मला सगळे ऐकू येत होते.

"पडदा कुठी गेला वो सिस्टर?"

"कार्यक्रमाले नेला. मी दरवाजा लोटून घेतो ना."

"त्याले कडी नाही. समोरच्या बाकावर माह्ये भासरे बसले हायेत. तेच गाडीवर घेऊन आले."

भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. त्यांच्यासमोर शकुंतलाबाईंनी कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. "रोवणं झालं का येतो मंग," असे म्हणून त्या निघून गेल्या.

रोवणी झाली, धान कापून झाले. दुखत तर काहीच नव्हते. रुपा सिस्टर घरी जाऊन आल्या, तर घरच्यांनी त्यांनाच सुनावले, "शेकलं ना एकदा? आता कायले उकरून काढता?"

पुढची रोवणी उलटल्यावर शकुंतलाबाई आल्या, अंगावरून रक्त जात होते म्हणून. या वेळी मी होतो, चहाच्या डागासकट. डॉक्टरांनी दोनदा तपासले. मग त्यांनी नागपूरच्या कर्करोगाच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. शकुंतलाबाईंनी माझी कड मुठीत धरली.

"सिस्टर, हा तवा असता तं?"

रुपा सिस्टरने चिठ्ठीची घडी करून त्यांच्या पिशवीत ठेवली. मला तर जाळून घ्यावेसे वाटले.

मित्रांनो, त्या कार्यक्रमाचा फोटो आता याच खोलीत लावला आहे. त्यात हारांखाली मी झकास दिसतो! मला धुतले नाही तरी चालेल, उसवलो तर टाका घालू नका, पण या खाटेजवळून मला हलवू नका. आणि तुमच्या घरात कुणाचा असा उपचार झाला असेल, तर "वर्ष झालं, चल" म्हणून तिला हाताला धरून आणा. शकुंतलाबाई तर आपल्या पायांनी आल्या होत्या, वेळेवर आल्या होत्या. टेबल उघडे दिसू नये म्हणून त्यांना परत जावे लागले.