मस्तगडची लाल आणि टेंभुर्णीची मी

मी टेंभुर्णीची दोन दारांची गाडी बोलतेय. माहेर इटलीचं. लांबच्या रस्त्यांवर ऐटीत पळायला जन्मले आणि येऊन पडले कुठं, तर मच्छिंद्रच्या पत्र्याच्या शेडात, कडब्याच्या पेंढ्यांशेजारी! म्हणून माणसांवर माझा पटकन विश्वास बसत न्हाई.

मी आणि माझ्याच कारखान्यातली, माझ्याच घडणीची लाल गाडी, आम्ही दोघी हैदराबादच्या एकाच हवेलीतल्या. एक्क्याऐंशीत हवेली मोडली, आतलं समदं लिलावात निघालं. लाल रंगाची ती जालन्याला, मस्तगडात भालचंद्र इंजिनिअरांकडे गेली. मच्छिंद्र त्या लिलावात विहिरीसाठी डिझेल इंजिन बघायला आल्ता, तो मलाच घेऊन गेला. मंग पेट्रोल परवडेना म्हणून पठ्ठ्यानं माझं खरं इंजिन काढून जीपचं डिझेल इंजिन बसवलं. माझी धडधड ऐकून कोंबड्या पळायच्या. लाज वाटायची मला.

वर दर पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला रंग माझ्या अंगावर! मच्छिंद्रची बायको चतुराबाई म्हणायची, "घरात राबतंय त्ये समदं रंगवायचं. हिनंच काय घोडं मारलं?" एका साली हिरवी, एका साली गुलाबी.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात जुन्या गाड्या जमवणारे एक साहेब पुण्याहून आले. भालचंद्रांच्या अंगणात आम्हाला शेजारी उभं केलं. साहेब म्हणाले, "यातली एकच नेणार." दुसरीचं काय होणार, ते मला ठाऊक होतं. जालन्यात लोखंड वितळवायच्या भट्ट्या काय कमी हायेत?

लाल बया नुसती चकाकत होती. एवढ्या वर्षांत अंगावर एक सुरकुती न्हाई? बिलकुल खोटी, मी मनात म्हटलं. साहेबांचंही लक्षण बरं दिसेना. गोड हसत त्यांनी खिशातून लोहचुंबक काढला आणि लालच्या दाराला लावला. टपकन खाली पडला. परत लावला, परत पडला.

"पत्रा गंजला होता हो," भालचंद्र ओशाळून म्हणाले, "पुट्टी भरून घेतली."

बघा! म्हटलं न्हवतं?

मंग माझी पाळी आली. साहेबांनी नाक मुरडलं. "एवढे रंग कशाला चोपडलेत? काय लपवताय?"

"लपवायला काय हाय? पोळ्याचा रंग हाय त्यो!" चतुराबाई कडाडली.

साहेबांनी नखानं खरवडलं. गुलाबी निघाला, हिरवा निघाला, आणि खाली माझा मूळचा आकाशी रंग, पत्रा ठणठणीत! चुंबक बराबर चिकटला. मी जिंकले म्हणते, तोवर साहेबांनी बॉनेट उघडलं आणि कपाळावर हात मारला. "जीप?"

बराच वेळ ते दोघींभोवती फिरले, लालचंही बॉनेट उघडलं, तर आत इंजिन मूळचंच. शेवटी म्हणाले, "अंग हिचं, इंजिन तिचं. दोघींची एक करतो."

भालचंद्रांनी लालचं बॉनेट हळूच मिटलं. "त्या इंजिनाला मी कुणाला हात लावू दिला न्हवता," एवढंच बोलले आणि होकाराची मान हलवली.

तिथंच अंगणात मिस्त्रीनं तिचं इंजिन काढून मला बसवलं. तिचा लाल सांगाडा ट्रकवर चढवून भट्टीकडे नेला. मला तोंड फिरवता येत न्हाई, सगळं बघावं लागलं. जिला मी खोटी म्हणत होते, तिच्यासाठी माझा जीव तुटत होता.

निघायच्या दिवशी साहेबांनी चावी फिरवली आणि माझ्या पोटातून तिचा आवाज आला. पायरीवर बसलेले भालचंद्र दचकून उठले. "अहो, ही तर माझी!" त्यांनी माझ्या बॉनेटवर हात ठेवला, तो काही केल्या त्यांना उचलवेना. चतुराबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "भाऊ, तुमची हाय तशी आमची बी हाय. जाऊ द्या आता."

साहेब, तुमच्यावर माझा अजून भरवसा न्हाई. खुशाल मला काचेच्या खोलीत ठेवा, लोकांना दाखवा. पण मधूनमधून चावी फिरवत जा. तिला बोलायला आता माझ्याशिवाय दुसरं तोंड न्हाई.