याक थांबली ती जागा

मामेतकुलचं लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. हिमनदीवर पुढे चालणारा काळा याक घरच्यांनी नवरीच्या बापाला देज म्हणून दिला होता. त्यामुळे जूनमध्ये मामेतकुलच्या वहिनीला, साकिनला, पलीकडच्या खोऱ्यात जायचं झालं तेव्हा पुढे घालायला एक पांढरी मादी तेवढी उरली होती.

साकिनची लेक जार्किन तिकडे नांदत होती. पहिलंच बाळंतपण, मूल आडवं, कळा कधीही सुरू होतील, असा निरोप आला होता. पोट चोळून मूल वळवणारा हात त्या भागात साकिनचाच. हिमनदीवरून गेलं की एका दिवसाची वाट.

"नवी बायको सोडून यावं लागलं म्हणून तोंड पडलंय वाटतं," साकिन दिराला म्हणाली.

"चालतोय ना, वहिनी? चालायला तोंड कुठं लागतं?"

बर्फावर आल्यावर त्यांनी याकची दोरी सोडली. बर्फाखालच्या भेगा तिला कळतात. माणसं आपली तिच्या खुरांच्या ठशांत पाय टाकत जातात. अर्ध्यावर ती थांबली. मामेतकुलने हाकारलं, पाठीवर थाप मारली. तिने मान वळवली आणि आल्या वाटेकडे बघत राहिली.

"पुढे भेग आहे."

"काठी खुपसून बघ की."

"बघितलं. कडक लागतंय. पण हिच्यापेक्षा माझी काठी शहाणी का?"

साकिनलाही तसं म्हणवेना. याक थांबली की तिथे कुणी वाद घालत नाही. दोघं मागे फिरली आणि त्यांनी दगडांच्या उतारावरची लांबची वाट धरली. पुरता एक दिवस वाढला.

संध्याकाळी ओझं उतरवताना साकिनचा हात याकच्या कासेला लागला. कास दगडासारखी झाली होती. सडांतून दूध ठिबकत होतं.

"हिचं वासरू कुठंय?"

"घरी बांधलंय. म्हटलं, एवढंसं पोर बर्फावर कशाला."

साकिनने भांडं काढलं, खाली बसली आणि धार काढली.

परतताना याक वासराच्या ओढीने धावत सुटली. आधी थांबली होती त्या जागेवरूनही ती सरळ गेली. तिथे भेग नव्हती.

जार्किन जूनच्या अकरा तारखेला दुपारी वारली, पोटातल्या मुलासकट. साकिन पोचली ती त्याच दिवशी, दिवस मावळताना.