क्षारांत कोंडलेला पडदा

मी एक जुना पडदा आहे मित्रांनो, पण दारा-खिडकीचा नव्हे. मी पाणी गाळतो. मला मेंब्रेन म्हणतात. माझी छिद्रं इतकी बारीक की पाणी पलीकडे जातं आणि क्षार अलीकडेच राहतात. कारखान्यात मला गुंडाळून एका पांढऱ्या नळकांड्यात घातलं आणि दोन्ही टोकांची झाकणं आवळली. तेव्हापासून मी उजेड पाहिलेला नाही.

बारामतीच्या मेस्त्रीने मला इंदापूर तालुक्यातल्या एका गावच्या पाणी गाळायच्या यंत्रात बसवलं. तिथलं बोअरचं पाणी इतकं खारट, की त्यात डाळ शिजायची नाही. यंत्र अक्काबाई सांभाळायच्या. रोज सकाळी त्या नळकांड्यातून जोरात पाणी सोडून मला धुऊन काढायच्या. गोड पाणी हंड्यात पडायचं आणि अडवलेले क्षार घेऊन उरलेलं पाणी मागच्या पाइपातून गटारात जायचं. पहिल्या दिवशी गावातल्या फुलाबाईंनी ओंजळभर पाणी पिऊन म्हटलं, "शहाळ्याचंच जणू!" त्या दिवशी मला अंधाराचं काही वाटलं नाही.

मग अक्काबाईंचा पाय मोडला. त्या लेकीकडे जळोचीला गेल्या आणि किल्ली पाणी समितीच्या दत्तोबा तात्यांकडे आली. तात्या भले गृहस्थ. गटारात जाणारं पाणी त्यांना बघवेना.

"आमी घोटाघोटाला तरसलो, आन् हितं हंडंच्या हंडं वाया!" असं म्हणून त्यांनी मागच्या पाइपाची तोटी गच्च बंद केली.

आता क्षारांना जायला वाटच उरली नाही. पंप मागून रेटत होता आणि क्षार माझ्या अंगावर खडूसारखे साचत होते. एकेक छिद्र बुजत गेलं. ओरडायला मला तोंड नव्हतं. धार बारीक झाली, की तात्या पंपाचा दाब वाढवायचे. महिन्याभरात क्षार पलीकडे झिरपू लागले. ज्यासाठी मला आणलं, तेच मला जमेना. आणि खाली पोरांच्या बाटल्या भरतच होत्या.

शाळेतल्या अंजलीबाईंनी एक घोट घेतला आणि थुंकून टाकला. त्यांनी लगेच अक्काबाईंना फोन लावला. दुसऱ्या दिवशी अक्काबाई कुबडी टेकत आल्या आणि आधी मागची तोटी चाचपली.

"तात्या, ही कुणी बंद केली?"

"म्या. पाणी वाचवलं की!"

"न्हाय तात्या. घाण आत कोंडली तुमी. तीच आता हंड्यात येतीया."

तात्यांनी धारेखालचा हंडा बाजूला ओढला. "माझी नात हेच पाणी पिती हाय," ते म्हणाले.

अक्काबाईंनी तोटी उघडली. लिंबूसत्त्वाच्या पाण्याने दोन दिवस मला धुतलं. निम्मी पुटं सुटली, निम्मी छिद्रं कायमची बुजली. तोवर तात्यांनी स्वतः चर खणून मागचं पाणी शाळेच्या संडासांत वापरायच्या पाण्याच्या टाकीत नेलं. आता ते वायाही जात नाही.

मी अजून आतच आहे. जमेल तेवढं गाळतो. थोड्या दिवसांनी मला काढून नवा पडदा बसवतील. मित्रांनो, तोही माझ्यासारखाच मुका असेल. पाणी भरायला याल तेव्हा यंत्राच्या मागे जाऊन पाइपाला हात लावून बघा. पाणी वाहतंय ना, एवढीच त्याची विचारपूस करा.