डाव्या पायाचं काम

"दाबा!" गाडीखालून मिस्त्री ओरडला.

वर ड्रायव्हरच्या सीटवर बसलेल्या काकांनी डावा पाय उचलून नव्याकोऱ्या पेडलवर ठेवला आणि दाबला. पेडल काहीही विरोध न करता थेट तळाला गेलं.

"धरा तसंच!" मिस्त्रीने पान्याने नट ढिला केला. पारदर्शक नळीतून फस्सकन हवा आली, मागोमाग ऑइलचे चार थेंब. त्याने नट आवळला. "सोडा!"

काकांनी पाय सोडला, पण पेडल तळालाच पडून राहिलं.

"वर येत नाहीये रे."

"पाइपात नुसती हवा भरलीय काका. ती निघाली की आपोआप येईल. तोवर पायाच्या बोटांनी वर ओढा."

बोलून गेल्यावर मिस्त्रीने जीभ चावली. त्या पायाची बोटं हलत नव्हती, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

काकांनी चौतीस वर्षं बस चालवली होती. त्यांच्या चाकाखाली कधी कुत्रंसुद्धा आलं नव्हतं. निवृत्त झाले आणि वर्षाच्या आतच एका सकाळी दाढी करताना त्यांची डावी बाजू गेली. हात लवकर सावरला, पण पुढची दोन वर्षं ते लहान मुलासारखे चालायला शिकत होते. आधी भिंत धरून, मग काठीने, मग काठीशिवाय कोपऱ्यापर्यंत. त्यांच्या लेकीने त्यांना दवाखान्यात ने-आण करायला बिनक्लचची, ऑटोमॅटिक गाडी घेतली होती. गेल्या महिन्यात गाडीचा गिअरबॉक्स निकामी झाला आणि नवा कुठे मिळेना. भंगारवाल्याकडे त्याच गाडीचा साधा, हाताने टाकायचा गिअरबॉक्स पडलेला आहे, असं मिस्त्री सहज बोलून गेला. काकांनी ते वाक्य जे धरलं, ते सोडलंच नाही.

"क्लचवाली कर. मी चालवीन."

"बाबा, काहीतरीच काय! आणि मला क्लच येतो कुठे?" लेक चिडली होती.

"डॉक्टरच म्हणतात ना, पाय वापरा म्हणून?"

बापलेकीचं वाजलं ते याच गॅरेजमध्ये. शेवटी लेक हरली, पण जाताना मिस्त्रीला बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, पहिल्यांदा इथेच आवारात चालवू द्या त्यांना. जमतंय की नाही ते तुम्ही सांगायचं. माझ्याकडे बघून नाही आणि त्यांच्याकडे बघूनही नाही. खरं काय ते."

तेव्हापासून मिस्त्रीच्या छातीवर दगड होता. त्या गाडीला मुळात तारेचा क्लच यायचा, आणि जुनी तार म्हणजे पेडल नुसतं जड. काकांच्या पायाला ते झेपलं नसतं. म्हणून त्याने ऑइलचा क्लच बसवायचं ठरवलं आणि आठ दिवस त्यातच घातले. पेडलजवळ एक सिलिंडर, खाली गिअरबॉक्सपाशी दुसरा, मधे बारीक पाइप. पेडल दाबलं की वरचं ऑइल खालच्या सिलिंडरचा दांडा ढकलणार. पेडलमागचा पत्रा दाबाने वाकत होता, तर त्याने मागून जाड पट्टी वेल्ड करून तो पक्का केला. आपल्या एकट्याच्या हाताने जेवढं हलकं करता येईल तेवढं त्याने केलं होतं. आता फक्त पाइपातली हवा काढायची होती, आणि त्याला दोन माणसं लागतात.

"मी उचलते," लेकीचा आवाज आला. इतका वेळ ती हाताची घडी घालून दूर उभी होती. मिस्त्रीला गाडीखालून तिच्या चपला दिसल्या, मग दाराशी टेकलेले गुडघे. "दाबा बाबा. आता सोडा." तिने हाताने पेडल वर उचललं.

मग ठेका जमला. दाबा, धरा, सोडा. नळीतले बुडबुडे हरभऱ्याएवढे होते, ते मोहरीएवढे झाले. वीसदा दाबून झालं, तीसदा झालं. काकांचा श्वास खालपर्यंत ऐकू येत होता. "थांबूया का?" लेक म्हणाली. "हं, उचल," काका म्हणाले.

मिस्त्रीने सहज खालच्या सिलिंडरच्या दांड्यावर बोट टेकवलं आणि तो तसाच राहिला. दांडा हलत होता, पण सरळ नाही, बारीक थरथरत. ती थरथर काकांच्या पायाची होती. पायातून पेडलमध्ये, तिथून ऑइलमध्ये, केसाएवढ्या वाटेने वळणं घेत ती त्याच्या बोटाखाली आली होती. मेला म्हणून सोडून दिलेला पाय त्याच्या हाताशी बोलत होता. आयुष्यभर त्याने हजारदा हवा काढली असेल, पण असं माणूस कधी हाताला लागलं नव्हतं. त्याला पुढचं "सोडा" म्हणायचं सुचेना.

"अरे, झोपलास का खाली?" काका वरून ओरडले.

"सोडा, सोडा!"

या वेळी पेडल लेकीच्या हाताच्या आधी वर आलं. आपोआप. काकांनी पुन्हा दाबलं, पुन्हा आलं.

दुपारी काकांनी आवारात गाडी सुरू केली. क्लच असा सुटला की गाडी हलली हे फक्त चाकांवरून कळलं. एक फेरी, दुसरी फेरी. दुसरा गिअर लोण्यासारखा पडला. लेक तोंडावर हात ठेवून बघत होती. मिस्त्रीला वाटलं, सुटलो. आता खरं सांगणं सोपं आहे.

तेवढ्यात काकांनी काच खाली केली. "मिस्त्री, मला न सांगता मधेच थांब म्हण. मोठ्याने."

पुढच्या फेरीत मिस्त्री ओरडला. गाडीने आचका दिला आणि बंद पडली.

"पुन्हा."

पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदाही. काकांनी चावी फिरवून बंद केली. मिस्त्री जवळ गेला, तोंड उघडणार, तोच काकांनी हात वर केला.

"तू नको बोलूस. हे सांगायचं काम माझं. थांब म्हटल्यावर क्लच शोधायला मी खाली बघितलं. तिन्ही वेळा." ते लेकीकडे वळले. "ड्रायव्हर खाली बघत नाही गं."

दार धरून ते उतरले. बॉनेटला हात लावत सावकाश पलीकडे गेले, बाजूच्या सीटवर बसले आणि त्यांनी पट्टा लावला.

"ये, बस."

"मला येत नाही बाबा."

"मला येतं ना."

गाडी तीनदा बंद पडली. काका रागावले नाहीत, हसलेही नाहीत. चौथ्यांदा ती सरकली, फाटकापाशी अडखळली आणि रस्त्याला लागली.

मिस्त्री तिथेच उभा राहून कान देऊन ऐकत होता. भिंतीपलीकडे पहिला गिअर जरा जास्तच ओढला गेला. मग क्षणभर इंजिन मोकळं झालं आणि दुसरा पडला, दातांचा खरखराट न होता. मग बऱ्याच लांबून, तिसरा.