खालचा झरोका

महादेवीच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं, ते विसरल्यामुळे नव्हे. पत्र मेजावरच होतं आणि मी ते रोज वाचत होतो.

अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या मागे माझ्या दोन खोल्या आहेत. तिथे महादेवी, तिचा नवरा आणि लहान मुलगी भाड्याने राहतात. नवरा टॉवेलच्या कारखान्यात जातो, ती घरी कडक भाकरी करून खानावळींना देते. मी सात रस्त्याजवळ राहतो. समोरासमोर बोलताना माझे शब्द अडखळतात, म्हणून खोली देतानाच मी सांगितलं होतं, काही अडचण आली तर लिहून कळवा. त्याप्रमाणे तिने लिहिलं होतं:

"काका, स्वयंपाकखोलीतला जमिनीलगतचा झरोका तुम्ही उंदरांमुळे सिमेंटने बुजवला आहे. गॅसची टाकी आणणारा म्हणतो, गॅस गळला तर खालीच साचतो, वरच्या खिडकीतून जात नाही. नळी आमची, ती आम्ही नवी घातली. भिंत तुमची. झरोका उघडून द्यावा."

तिचं बरोबर होतं. गॅसच्या माहितीपुस्तिकेत पाहून मी खात्रीही केली. पण 'उघडा' असं लिहावं आणि उद्या उंदरांनी नळी कुरतडली तर? 'राहू द्या' लिहावं आणि काही झालं तर? दोन्हीकडे सही माझीच. करारनामा काढला. त्यात वीज, पाणी, रंग होते, झरोक्याबद्दल अक्षर नव्हतं.

मग शेजारच्या तानाबाईंचा फोन आला. "मालक, तुमची भाडेकरीण अंगणात संसार मांडून बसलीया. येऊन बघा की!"

गेलो. टाकी आणि शेगडी अंगणात होती. वाऱ्याला आडोसा म्हणून महादेवीने पत्रा उभा केला होता, तरी ज्योत हेलकावत होती. कडक भाकरीला मंद, एकसारखी आच लागते. टोपलीतल्या भाकरी एका बाजूला करपलेल्या आणि दुसऱ्या बाजूला मऊ होत्या.

मला पाहून ती उठली नाही. "परवा आत वास आला, काका. शेगडीचं बटण नीट बंद न्हवतं, माजीच चूक. पर पोरगी तितंच खाली झोपली होती. दार उघडलं, खिडकी उघडली, तरी लई येळ वास जाईना. तवापास्नं शेगडी भाईर."

मुलगी उंबऱ्यावर बसून करपलेला तुकडा चघळत होती. तिच्याकडे पाहवेना.

"मग... फोडा ना तो झरोका," मी म्हणालो. "माझी काही..."

"तोंडानं न्हाय. लिवून द्या. तुमचाच नेम हाय की! पयल्या मालकानं बी तोंडानंच सांगितलं, खिळा ठोका म्हणून. मग भिंत पोखरली म्हणत गल्लीभर बोलला. आमचे हे म्हणत्यात, म्हैनाअखेर गावाकडं जाऊ."

"पण उंदीर..." मी पुटपुटलो.

तानाबाई कठड्यावरून वाकल्या. "उंदराला माजी मांजर धाडते, मालक. गॅसला कुणाला धाडू?"

महादेवी हसली, पण तिचा हात तव्यावरून हलला नाही. तिने पेन मागवून दिलं असतं, मात्र दोघींसमोर मला एक ओळही सुचली नसती. घरी येऊन लिहिलं:

"सौ. महादेवी यांस, झरोका मी बुजवला, तो मीच उघडून देणार. येत्या सोमवारी गुंडा नावाचा गवंडी येईल आणि उंदीर शिरणार नाही अशी बारीक लोखंडी जाळी बसवेल. तोवर शेगडी बाहेरच असू द्या. नळी आणि बटण तुम्ही सांभाळा. भिंत आणि झरोका यांची जबाबदारी माझी आहे."

पहिल्या कागदावर शेवटच्या वाक्यात 'बहुधा' आला होता. तो कागद फाडला आणि सगळं पुन्हा लिहिलं. पत्र हाताने नेऊन दिलं असतं, तर रिक्षात उघडून तो शब्द मी परत घातला असता. म्हणून पाकीट चिकटवलं आणि तसाच पोस्टात गेलो. पेटीच्या तोंडाशी हात थोडा थांबला. मागे उभा असलेला माणूस म्हणाला, "आजोबा, टाका की."

टाकलं.