माझे ठेवणीतले कडवे

मित्रांनो, क्षणभर कल्पना करा. तुमच्यासाठी नवा सदरा शिवला आणि 'सणालाच घालायचा' म्हणून पेटीत ठेवून दिला. सण काही येत नाही. तुम्ही वाढत राहता, सदरा तेवढाच राहतो. पेटीत त्याला काय वाटत असेल? मला ते ठाऊक आहे. मी एक जुने गाणे आहे आणि माझे तिसरे कडवे असेच पेटीत पडले होते.

माझा जन्म नेपाळात, धरानला झाला. मनहाङ लिम्बूने गिटारवर मला रचले ते धाकट्या बहिणीसाठी, फुङमासाठी. ती देशाच्या फुटबॉल संघात खेळायची. एका सामन्यात गुडघा मोडला, सामनाही गेला. घरी आली ती कुणाशी बोलेना. पहिल्या कडव्यात मी तिला 'ऊठ' म्हणाले. दुसऱ्यात 'माझ्या खांद्यावर हात ठेव' म्हणाले. तिसरे मनहाङने तिच्या उशाशी बसून अगदी हळू गायले.

पुढे माझी कॅसेट निघाली. चहाच्या दुकानांत मी वाजू लागले. फुङमाच्या मैत्रिणी सामन्याआधी मला म्हणू लागल्या आणि बघता बघता मी मुलींच्या राष्ट्रीय संघाचे गाणे झाले. काठमांडूच्या मैदानात सगळे प्रेक्षक मला गात, तेव्हा मीच मला ओळखत नसे.

एका अंतिम सामन्यात आमच्या मुली पुढे होत्या. लोकांनी आनंदाच्या भरात तिन्ही कडवी गायली. शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल झाले आणि आम्ही हरलो.

"कप हातात यायच्या आधीच सगळं गाणं संपवलंत! लागली ना दृष्ट?" पायऱ्या उतरताना एक म्हातारबा ओरडले.

"आता तिसरं कडवं कप आल्यावरच," बाकीचे म्हणाले.

तीच रीत पडली. नव्या गायकांनी मला दोन कडव्यांतच गायले. जुन्या कॅसेटींना बुरशी लागली. मनहाङ वारला. संघ अंतिम सामन्यात पोचत राहिला आणि हरत राहिला. तिसरे कडवे आता कोणाला येते?

फक्त फुङमाला. एकदा तिची लेक इक्सा तिच्याबरोबर मोमो भरत होती.

"आई, तिसऱ्यात काय आहे गं?"

"कप आला की सांगेन."

"आणि तोवर तू विसरलीस तर?"

"माझं गाणं मी विसरेन होय? मोमो नीट मिटव, फाटतायत बघ."

पण फुङमाने मनातल्या मनात म्हणून पाहिले आणि दुसऱ्याच ओळीवर अडखळली. माझा जीव घाबरा झाला. तिचाही झाला असावा. ओळ आठवताच तिने दार लावून घेतले आणि दबक्या आवाजात शिकवले.

'पाय पुसू नकोस, चिखलानेच आत ये.
हात रिकामे असू देत, दार उघडेच आहे.'

इक्सा विचारात पडली. "आई, यात कप कुठंय?"

फुङमाचे पिठाचे हात तसेच राहिले. "नाहीच गं. मी हरून आले होते, तेव्हाचं आहे हे."

"मग सगळे कपाची वाट का बघतात?"

"कुणासमोर म्हणायचं नाही हं," फुङमा घाईने म्हणाली. "उद्या हरलो तर आपल्या नावाने खडे फोडतील."

यंदाही संघ अंतिम सामन्यात पोचला. फुङमा आणि इक्सा प्रेक्षकांत बसल्या होत्या. सामना पेनल्टीपर्यंत गेला. आमच्या सर्वांत लहान खेळाडूचा शेवटचा फटका खांबाला लागून परत आला. ती गवतावर बसली आणि तिने जर्सी तोंडावर ओढून घेतली.

"चला घरी," मागच्या रांगेतले काका म्हणाले. "यांचं नेहमीचंच आहे."

मित्रांनो, गाणे जपायचे म्हणजे कोंडून ठेवायचे नाही. मायेचा शब्द ज्याला हवा त्याला हवा तेव्हाच द्या, नाहीतर तो देणाऱ्यालाही आठवेनासा होतो. पण मी हे कोणाला सांगणार? मला स्वतःचा आवाज नाही. लोक उठू लागले होते. कोणी इक्साला गप्प बसवले तर, या भीतीने मी तिच्या ओठांशीच थांबले होते.

इक्साने आईकडे पाहिले. फुङमाने लेकीला बाकावर चढायला हात दिला.

इक्सा बाकावर उभी राहिली आणि मैदानातल्या त्या मुलीकडे तोंड करून, मोठ्याने, तिसरे कडवे गाऊ लागली.